न उसवलेला कोपरा

वैशाख, १९८८, जळगाव. तारीख आठवत नाही, पण नळाचा दिवस होता हे नक्की. अंगणातली सगळी पिंपं भरलेली होती आणि माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली होती.

घरात हजर: माझ्या सासूबाई, ज्यांना आम्हीच काय, अख्खी गल्ली अक्का म्हणायची, त्या खाटेवर. माझी मुलगी, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेली. मी. आणि माझं शिलाई मशीन. ते मी हजेरीत धरते, कारण घरातली अर्धी जागा आणि माझा अर्धा दिवस त्याचा होता. गैरहजर: मुलीचे वडील. त्यांची नोकरी धुळ्याला, सरकारी कचेरीत. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे, सोमवारी उजाडताना परत.

संक्रांतीच्या सुमारास अक्का मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, पडून राहू द्या, असं सांगून दवाखान्यातून आम्हाला घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांचं सगळं खाटेवर. हात मात्र धडधाकट होते, आणि जीभ तर हातांहून धडधाकट.

त्या दिवशी सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. मुलीनं त्यांना खांद्याला धरून थोडं कलतं केलं होतं. कलतं केलं की अक्का ओरडायच्या, शिव्या द्यायच्या. मोडक्या बाजूला कळ जायची. म्हणून आम्ही ते काम झटपट उरकायचो. मुलगी म्हणाली, "आई, हे बघ."

माकडहाडावर गेले काही दिवस लाल चट्टा होता. त्यावर मी रोज पावडर लावत होते. आता तिथली कातडी गेली होती आणि मध्ये ओलसर, पिवळट काहीतरी दिसत होतं. हात लावला तर अक्कांना कळलंच नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉलनीतले डॉक्टर आले. त्यांनी आधी जखम पाहिली नाही, खालची गोधडी चिमटीत धरून पाहिली.

"हे कशाचं आहे?"

"टेरिकॉटचं," मी म्हणाले.

"काढा. आत्ता काढा. यांना जुनं सुती पाहिजे. मऊ, धुऊन धुऊन विरलेलं. मध्ये शिवण नको, ठिगळ नको, गाठ नको. आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पाठीवर पडूच देऊ नका."

"कुशीवर राहत नाहीत हो त्या."

"मग जखम हाडापर्यंत जाईल," असं म्हणून ते हात धुवायला मोरीकडे गेले.

आता त्या गोधडीबद्दल सांगते. मी शिवणकाम करायची. मुलींच्या शाळेचे गणवेश, निळे फ्रॉक आणि पांढरे शर्ट. जूनच्या आत द्यायचे म्हणजे चैत्र-वैशाखात मशीनवरून उठायला वेळ नसे. बेतून उरलेली कतरणं मी कधी टाकली नाहीत. अक्का खाटेला खिळल्यावर त्या कतरणांच्या मी मशीनवर धडाधड गोधड्या शिवल्या. निळा चौकोन, पांढरा चौकोन. एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर. बायका येऊन बघून जायच्या. दोरीवर टाकलेली गोधडी भाकरी भाजून होईपर्यंत वाळायची. जे लवकर वाळतं ते सोयीचं, असं माझं गणित. ते पाणी पीतच नाही म्हणून लवकर वाळतं, आणि सगळी ओल अंगालाच राहते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. वर जळगावचा उन्हाळा. खाली रबरी कापड, त्यावर टेरिकॉट, त्यावर अक्का. आणि प्रत्येक चौकोनाच्या कडेला माझी पक्की दुहेरी शिवण.

अक्कांनी मात्र ते आधीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी हात फिरवून त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या होत्या, "तुले बठ्ठं लवकर जोयजे. वाळाले लवकर, मराले लवकर." मला सगळंच लवकर हवं असतं, हे मी हसण्यावारी नेलं होतं. त्यांना मशीनचा राग होता. "तुन्ही मशीनले पाय शेतस, माले नही. ती भी बसीच ऱ्हास, मी भी पडीच ऱ्हास. तिले तेल भेटस."

डॉक्टर गेल्यावर मी जुनं सुती शोधायला लागले. पेटी, माळा, पलंगाखालचं गाठोडं. माझ्या साड्या नायलॉनच्या नाहीतर पॉलिस्टरच्या. मुलीचे कपडे तसलेच. ह्यांच्या पँटी, शर्ट टेरिकॉट. परकर सुती होते, पण ते अंगावरचे, मोजकेच. अक्कांची लुगडी? पूर्वी त्यांची कितीतरी होती. मी फळीकडे पाहिलं. फळीवर स्टीलचे डबे ओळीनं चकाकत होते. लुगडी तिथं होती.

दारावर यायची ती भांडीवाली जुने कपडे घेऊन स्टील द्यायची. टेरिकॉट आल्यापासून घराघरातून सुती कपडा असाच गेला. आमच्याकडे हा व्यवहार अक्का करायच्या, मला त्यात बोलू द्यायच्या नाहीत. लुगडं उजेडात धरून दाखवायच्या, काठ दाखवायच्या, भांडीवालीला दोनदा उठवून परत बसवायच्या. साखरेचा डबा, पोळ्यांचा डबा, नातीचा शाळेचा डबा. एकेक डबा कुठल्या लुगड्याचा हे त्यांना पाठ होतं. आता त्या खाटेवरून माझी शोधाशोध पाहत होत्या. म्हणाल्या, "डबा आंथर मन्हाखाले."

मशीनवर बेतलेले फ्रॉक पडले होते. चुलीवर डाळ होती. मी बाहेर पडले.

आमच्या ओळीतली घरं मी एकेक करून पालथी घातली. शेजारच्या काकूंनी दोन जुने परकर दिले. पलीकडच्या घरातून एक पीठ चाळायचं पंच्याचं फडकं मिळालं. बाकी सगळीकडे तेच. "अगं, सुती आता कोण नेसतं?" एकीनं नवीकोरी सुती चादर काढली. मी हात फिरवून परत दिली. रस्त्यानं मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या बैलगाड्या कापसानं भरून चाललेल्या मी दर हंगामात पाहिल्या होत्या. कापसाचा मुलूख, आणि कॉलनीत वीतभर विरलेलं सुती कापड नाही.

दुकानातून मांजरपाट आणला. खळ एवढी की उभा राहील. बादलीत भिजत घातला, आपटला, पुन्हा भिजवला. पण नवं कापड एका दिवसात जुनं होत नाही, आणि नळ परवा येणार होता. तो मांजरपाट अक्कांच्या खाली घातला तर जखमेची कड आणखी सोलली. मी तो काढला आणि परकरांवर निभावलं. परकर किती वेळ पुरणार? एक ओला व्हायचा, दुसरा ओला व्हायचा, पहिला अजून दोरीवर. मग मध्ये नुसतं रबरी कापड.

शनिवारी हे आले. पायरीवर चपला काढता काढता वास त्यांना आला असावा, कारण आत येऊन काही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "धुळ्याला आबांची धोतरं आहेत की. ट्रंकेत. माय शिवत होती ना ती गोधडी."

आबा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा होते. मुलगी चालायला लागली आणि ते गेले. तोवर सगळे धुळ्याच्याच खोलीत राहायचे. पुढे मुलीच्या शाळेसाठी आणि माझ्या शिवणासाठी आम्ही जळगावला आलो. ह्यांची नोकरी मात्र तिथंच राहिली, म्हणून ती खोलीही राहिली आणि खोलीत अक्कांची ट्रंक. अक्का अधूनमधून आठ-पंधरा दिवस लेकाला जेवण करून घालायला धुळ्याला जायच्या. तिथं त्या ही गोधडी शिवत होत्या. वर त्यांचं लग्नातलं लुगडं, आत आबांची धोतरं. नातीच्या लग्नात द्यायची म्हणून. मशीनचा एक टाका त्यात नव्हता.

ह्यांचं बोलणं खाटेपर्यंत गेलं. अक्का म्हणाल्या, "नही."

"माय, ऐक तर."

"त्यासना धोतरवर मी मुतू? त्यान्हापेक्षा माले मसनमा नेई टाका."

"अगं, ते आता कापडच आहे ना."

"तुन्हा बापनं कापड शे ते. तुले कापड वाटस?"

थोड्या वेळानं हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाही म्हणते तर राहू दे. तिचा जीव आहे त्यात."

मी म्हणाले, "मग तुम्ही सोमवार ते शनिवार इथं राहा. मी जाते कचेरीत."

मी असं बोलत नसे. मुलीनं मशीनमागून मान वर करून पाहिलं. ह्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मोरीत गेले. रविवारभर ते आईच्या पायाशी बसून वर्तमानपत्रानं माश्या वारत होते. आई त्यांच्याशी बोलत नव्हती.

सोमवारी त्यांच्याबरोबर मीही एस.टी.त बसले. मुलीला सांगण्याची यादी करून दिली: पाणी, औषध, पेज, परकर, कूस. शेजारच्या काकूंना बसवून आले. अक्कांना सांगितलं, धुळ्याला जाते. कशाला ते त्यांना कळलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. एरंडोल, पारोळा, खिडकीतून भट्टीसारखा वारा. मांडीवर पिशवी आणि पिशवीत माझी कात्री. ती मी मुद्दाम घेतली होती.

हे कचेरीत गेले. मी खोलीत ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वर एक पातळ चादर, तिच्याखाली ती गोधडी. गडद जांभळं लुगडं, लाल काठ. कडेकडेनं आत आत जाणाऱ्या ओळी, एका ओळीला चिकटून दुसरी, टाका तांदळाएवढा. मध्यभाग नुसता लांब टाके घालून धरलेला. तिथून पुढं काम थांबलं होतं. सुई शेवटच्या ओळीत टोचून ठेवलेली, तिचा दोरा तसाच. संक्रांत झाली की परत येते, असं म्हणून अक्का जळगावला आल्या होत्या.

मी कड उलटून आतलं धोतर पाहिलं. दोन बोटांमध्ये धरलं तर बोटाला बोट लागल्यासारखं लागलं. मला हवं होतं ते नेमकं हेच.

कात्री हातात घेतली. तिथंच उसवून, पट्ट्या करून, घडी घालून नेलं असतं तर? कुणाकडून तरी मिळालं म्हणून सांगता आलं असतं. मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. खोलीत पंखा नव्हता. मग कात्री पिशवीत टाकली. दया वगैरे आली म्हणून नव्हे. एक तर अक्कांच्या बोटांना धोतर कळलं असतं. आणि कळल्यावर त्यांनी अंग ताठ केलं असतं तर मी आणि मुलगी मिळून त्यांना त्यावर निजवू शकलो नसतो. त्यांनी हो म्हटल्याशिवाय हे काम होणार नव्हतं. मी गोधडी तशीच पाठीशी गाठोड्यासारखी बांधली आणि दुपारची गाडी धरली.

घरी आले तर मुलगी दारातच उभी. "आजीनं पेज घेतली नाही. कूसही बदलू दिली नाही."

गाठोडं पाहून अक्कांनी डोळे मिटले. त्या रात्री जेवल्या नाहीत, सकाळी चहा घेतला नाही. डॉक्टर आले. जखमेची कड काळी पडली होती. त्यांनी मला अंगणात नेऊन सांगितलं की आणखी दोन-चार दिवस असंच राहिलं तर दवाखान्यात नेऊन मेलेलं मांस कापावं लागेल, आणि त्यातून त्या उठतील असं मी तुम्हाला सांगणार नाही.

मी आत आले. मशीनवर निळ्या फ्रॉकांचा ढीग. त्यातल्या एकीची आई सकाळीच येऊन गेली होती: "ताई, जमत नसेल तर कापड परत द्या, दुसरीकडे टाकते." जमिनीवर भिजलेला परकर. दूध उतू गेल्याचा वास. कुठलं काम आधी उचलावं हे मला कळेना. आयुष्यात असं मला झालं नव्हतं. मी नेहमी मनात एक, दोन, तीन करून उठते. त्या दिवशी त्यातलं 'एक'च सापडेना. मी खाटेच्या पायाला टेकून खाली बसले.

वरून अक्कांचा आवाज आला. "रडी राहिनी का?"

"नाही."

"मंग काय करी राहिनी?"

"काही नाही. मला सुचत नाही, अक्का. मला दुसरं काही सुचत नाही."

मुलीनं गाठोडं सोडलं आणि गोधडी त्यांच्या पोटावर पसरली. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. अक्कांचा हात आपोआप काठावर गेला, ओळीवरून फिरला, सुई जिथं टोचली होती तिथं थांबला.

मुलगी म्हणाली, "आजी, ही माझीच आहे ना?"

"तुन्हं लगीन व्हयनं का?"

"नाही."

"मंग ती तुन्ही कशी?"

"होणारच आहे ना कधीतरी. माझ्यासाठीच शिवतेयस, मग माझीच. मला ही लग्नात नको. आत्ता पाहिजे."

"कसाले?"

"तुझ्याखाली घालायला."

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हाई तू शिकाडं का?"

"नाही," मी म्हणाले. खरंच नव्हतं शिकवलं.

"नवरा कोनता भेटी इले," त्या म्हणाल्या. "भांडीवालीपेक्षा भारी शे." आणि गोधडीची सुई उपसून बोटात धरली. मी कात्री पुढं केली तर हात झटकला. "कातर नको लाऊ. धोतर फाटी. सुई बस."

सुईच्या टोकानं टाका उचलायचा, सैल करायचा, दोरा ओढून घ्यायचा. कापडाला ओरखडा नाही. पण पाठीवर निजून ते जमेना. गोधडी छातीवर घेतली की हात अधांतरी राहायचे आणि डोळ्यांना टाका दिसायचा नाही. दोन-तीन टाके उसवून त्या दमल्या. मग ज्या गोष्टीसाठी आम्ही चार महिने त्यांच्या शिव्या खाल्ल्या, ती त्यांनी स्वतः मागितली. "माले कुशीवर कर."

मी आणि मुलीनं दोन पायांच्या मध्ये उशी दिली, पाठीला पलंगाखालचं गाठोडं लावलं आणि त्यांना चांगल्या कुशीवर केलं. त्यांनी दात आवळले. ओरडल्या नाहीत. गोधडी समोर पसरली आणि ओळ धरली.

एका कोपऱ्यापाशी माझा हात गेला तर म्हणाल्या, "तो नको. तठे भाकर शे."

त्यांच्याकडची रीत अशी होती की गोधडीचा पहिला कोपरा मिटताना आत भाकरीचा तुकडा आणि हळदकुंकवाची चिमूट घालायची. गोधडी उपाशी ठेवायची नाही; मग तिच्याखाली निजणारं माणूस उपाशी राहत नाही. तो कोपरा मिटला की परत उघडायचा नाही. माझ्या निळ्यापांढऱ्या गोधड्यांना मी काही घातलं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं.

"आनि एक," त्या म्हणाल्या, डोळे टाक्यावर ठेवून. "मन्हामांगे तू परत शिवशी. याच कोपरापाईन. हातनी शिवण जोयजे, मशीननी नही."

"शिवीन," मी म्हणाले.

पुढचे दिवस असे गेले. सकाळी अंग पुसणं, जखम धुणं, आबांच्या धोतराचा तुकडा घालणं. त्याला मध्ये शिवण नव्हती. तो ओल पिऊन घ्यायचा, ओला झाला की लगेच हाताला कळायचा, आम्ही बदलायचो. मुलगी सोडा घालून तुकडे उकळायची. मग अक्का कुशीवर आणि मी मशीनवर, समोरासमोर. मी शिवत होते, त्या उसवत होत्या. उसवलेला दोराही त्या टाकू देत नव्हत्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर गुंडाळायच्या. हातभर धोतर मोकळं झालं की मुलीला हाक मारायच्या, "ने तुन्हं." दुपारी डोळा लागायचा, तोही कुशीवरच, सुई बोटात. वीज गेली की आम्ही दोघी थांबायचो नाही, मशीन पायाचं होतं. त्या तेवढं बोलायच्या, "आते बरं शे तुन्ही मशीन."

पहिल्यांदा तुकडा खाली घातला त्या दिवशी मात्र त्यांनी तोंडावर पदर घेतला होता. तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

काही गणवेश वेळेत गेले नाहीत. एकीनं कापड परत नेलं, बेतलेलं. मुलगी पास झाली. पेढे आणायला मला दोन दिवस उशीर झाला. जखमेची काळी कड सुटली, खाली लाल मांस दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, भरतेय. मी त्या दिवशी पुरणपोळी करायचं ठरवलं आणि केली नाही, कारण धुण्याचा ढीग होता.

पावसाची हवा सुटली आणि अक्कांच्या छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, पडून राहणाऱ्यांचं असं होतं. औषध बदललं, शेक दिला, बसवून पाठ थोपटली. आता त्या स्वतःच कूस मागत होत्या. पण हातात सुई धरायची ताकद नव्हती. शेवटची ओळ अर्धी राहिली, ती त्यांच्या समोर मुलीनं उसवली. आषाढात एका दुपारी, हे धुळ्याहून निघालेले आणि अजून पोचायचे असताना, त्या गेल्या. कुशीवरच होत्या. डॉक्टरांनी पाठ पाहिली. "जखम जवळजवळ मिटली होती," ते म्हणाले. मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं.

आमच्याकडे आजाऱ्याच्या अंगाखालचं घरात ठेवत नाहीत. आबांच्या धोतराचे सगळे तुकडे अक्कांबरोबर गेले. ह्यांनीच ते गोळा केले, एकेक. निळ्यापांढऱ्या गोधड्या मी भांडीवालीला दिल्या, तर तिनं त्या उलटून पाहिल्या आणि परत केल्या.

राहिलं ते जांभळं लुगडं. चारी बाजूंनी टाक्यांची बारीक भोकं ओळीनं दिसतात, दोरा नाही. एका कोपऱ्यात मात्र वीतभर गोधडी जशीच्या तशी आहे: लुगडं, आबांचं धोतर, आत कुठेतरी भाकरी. पुठ्ठ्यावर गुंडाळलेला दोराही ठेवला आहे.

हे सगळं आता लिहितेय, कारण मुलगी पौषात बाळंतपणाला माझ्याकडे येणार आहे. फोनवर तिनं डॉक्टर, दवाखाना, डिंकाचे लाडू सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाली, "आई, आजीची गोधडी झाली का गं?" लग्नात झाली नव्हती. दिवाळीत करते म्हटलं होतं, त्याआधीच्या उन्हाळ्यातही. दर वर्षी कामांची यादी करते तेव्हा ती वर लिहिते आणि ती खाली सरकत जाते. कधी गणवेश, कधी ह्यांची बदली, कधी कुणाचं लग्न. पण खरं कारण कामांचं नाही. गोधडीला आत घालायला जुनं सुती लागतं, आणि ते विकत मिळत नाही. ते कुणीतरी वर्षानुवर्षं अंगावर वापरून विरवावं लागतं.

अक्का गेल्यावर मी नायलॉन सोडलं. तेव्हापासून सुतीच नेसते. स्वयंपाकाला, मशीनवर बसताना, बाजारात. पहिल्या काही साड्या आता दोन बोटांत धरल्या की चांगल्या लागतात. त्या मी धुऊन घडी करून ठेवल्या आहेत, भांडीवालीला दिल्या नाहीत. गेल्या आठवड्यात लुगडं काढलं, खाली साड्या पसरल्या, कोपऱ्यापासून हातानं ओळ धरली. अक्कांच्याच भोकांतून सुई घालत गेले. माझा टाका तांदळाएवढा येत नाही. त्यांच्या दोन भोकांत एक येतो. तीन बाजूंची पहिली ओळ झाली. चौथ्या बाजूला अस्तर कमी पडतंय. तिथं आणखी एक साडी लागेल, आणि अंगावरची ही अजून कडक आहे.